दोन कुलुपे : मराठी अक्षरजुळणीच्या संदर्भात नक्कल-प्रतिबंध आणि चाचेगिरी यांच्या वादाची चिकित्सा

प्रस्तावना

डिजिटल स्वरूपातील साहित्याची नक्कल तांत्रिक उपायांनी रोखावी की रोखू नये, हा वाद मराठी अभ्यासकांपर्यंत बहुतांशी तयार स्थितीत, परदेशातून आलेला आहे. बिल गेट्स यांनी १९७६ साली हौशी संगणक-वापरकर्त्यांना लिहिलेले अनावृत पत्र, १९९८ चा अमेरिकेतील डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा, सोनी-बीएमजी कंपनीच्या संगीत-सीडींतून ग्राहकांच्या संगणकात त्यांच्या नकळत उतरणारी आणि २००५ साली उघडकीस आलेली प्रणाली, अ‍ॅमेझॉनने २००९ च्या जुलैमध्ये वाचकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेल यांची विकत घेतलेली पुस्तके परस्पर काढून घेण्याचा प्रकार, अशा चार-पाच उदाहरणांभोवती आपल्याकडील लेख फिरत असतात. मराठी उदाहरण द्यावयाचेच झाले तर 'सैराट' (२०१६) या चित्रपटाच्या बेकायदा प्रतींचे, किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून फिरणाऱ्या कादंबऱ्यांच्या पीडीएफचे दिले जाते. त्यावर एक पक्ष म्हणतो, ही उघड चोरी आहे. दुसरा म्हणतो, ज्ञान आणि कला यांना कुलूप लावता कामा नये. दोन्ही बाजूंची विधाने आता इतकी पाठ झाली आहेत की महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत विद्यार्थी ती कोणत्याही बाजूने तितक्याच सफाईने म्हणून दाखवितात.

प्रस्तुत लेखात या वादाची तपासणी मराठीच्या स्वतःच्या अनुभवावरून करावयाची आहे. हा अनुभव चित्रपटाचा वा गाण्याचा नाही. तो अक्षरांचा आहे. १९९० नंतरच्या दोन दशकांत मराठी मजकूर ज्या टंकप्रणालींच्या साहाय्याने जुळविला गेला, त्या प्रणालींना लावलेले कुलूप, ते चुकवून झालेली त्यांची नक्कल, आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेला मजकूर, हा या लेखाचा विषय आहे. कुलूप लावणारा आणि कुलूप फोडणारा हे परस्परांचे विरोधक होत, असे या वादाचे गृहीतक असते. मराठी अक्षरजुळणीच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. विक्रेत्याने एक कुलूप आज्ञावलीला लावले. त्याच काळात दुसरे एक कुलूप मजकुराला लागले. चाच्याने पहिले फोडले, आणि दुसरे तसेच ठेवून गावोगाव पोहोचविले.

'लॉक'चे मशीन

आंधळगावसारख्या गावातून प्रबंधिका, स्मरणिका किंवा कवितासंग्रह टंकून घ्यावयाचा तर मोहाडी, तुमसर अथवा भंडाऱ्याच्या डीटीपी केंद्रावर जावे लागे. या केंद्रांच्या बोलीत 'लॉक' हा शब्द नित्याचा होता. संगणकाच्या मागच्या बाजूस, जेथे प्रिंटरची रुंद पिन लागते त्या पोर्टवर, काडेपेटीएवढा एक तुकडा लावलेला असे. तो काढला की मराठी बंद. दोन संगणक आणि एकच लॉक असेल तर लॉक ज्या मशीनला, त्या मशीनवर मराठीचे काम आणि दुसऱ्यावर इंग्रजीचे, अशी वाटणी होत असे. पुढे यूएसबीचे लॉक आले, ते पेनड्राइव्हसारखे दिसत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकची आयएसएम या दोन्ही प्रणाली अशा हार्डवेअर लॉकसह विकल्या गेल्या. मराठी मुद्रणाचा फार मोठा भाग या प्रणालींवर उभा राहिला, हे मुद्रणव्यवसायाशी संबंध आलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही.

या कुलपाकडे केवळ व्यापारी लोभ म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. रोमन लिपीचा साधा टंक शे-सव्वाशे आकारांत भागतो. देवनागरीला जोडाक्षरे, रफार, रुकार, मात्रा आणि त्यांच्या वेगवेगळ्या लांबी-रुंदी धरून कित्येक शे आकार काढावे लागतात. ते काढणारे सुलेखनकार मोजके, बाजारपेठ लहान, आणि ग्राहक असा की एक प्रत विकत घेऊन चार मित्रांना वाटण्यात त्याला संकोच नाही. अशा स्थितीत पुण्या-मुंबईच्या लहान कंपन्यांनी कुलूप लावले नसते, तर सुबक मराठी टंकांची ती पहिली पिढी आपल्याला बहुधा मिळालीच नसती. चाचेगिरीच्या बाजूने बोलणारे अभ्यासक ही गोष्ट नेहमी घाईने ओलांडून जातात. 'बड्या कंपन्यांची लूट' हे त्यांचे विशेषण मायक्रोसॉफ्टला लावता येईल; पुण्यातल्या टंकनिर्मात्याला ते कसे लागू पडते, हे कोणी सांगत नाही.

दुसरे कुलूप

पहिले कुलूप डोळ्यांना दिसत होते. दुसरे दिसत नव्हते, म्हणूनच त्यावर वाद झाला नाही. त्याची रचना थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण आपण प्राध्यापक मंडळी त्याविषयी बोलताना 'फॉन्टचा प्रॉब्लेम' एवढेच म्हणून मोकळे होतो.

त्या काळातील संगणकाच्या टंकात फार तर २५६ जागा असत, आणि पेजमेकरसारखी इंग्रजीसाठी घडविलेली आज्ञावली त्या जागांना इंग्रजी अक्षरेच समजत असे. मराठी टंककारांनी युक्ती केली ती अशी की इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसविला. कृतिदेव या सर्वपरिचित टंकात 'कमल' हा शब्द लिहिला तर संगणकाच्या दृष्टीने तेथे 'डी', 'ई' आणि 'वाय' ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. कागदावर कमल उमटते, ते केवळ त्या टंकाच्या कृपेने. 'धर्म' हा शब्द तर चार खुणांचा होतो : अर्धा ध, त्याला काना, मग म, आणि शेवटी रफार. उच्चारात म-च्या आधी येणारा र् येथे म-च्या नंतर साठविला जातो. उलट ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी. म्हणजे संगणकात शब्द साठविलाच जात नाही, त्याचे चित्र काढण्याच्या सूचना साठविल्या जातात. टंक काढून घेतला की उरतो तो इंग्रजी अक्षरांचा कचरा. आणि प्रत्येक विक्रेत्याची ही सूचनावली वेगळी. एकाच्या टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्याच्या टंकात तितकाच निरर्थक.

ही अवस्था अपरिहार्य होती का? सर्वस्वी नाही. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या आणि पुढे सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाच्या कामातून 'इस्की' हे भारतीय लिप्यांचे सामाईक सांकेतिक कोष्टक तयार झाले होते, आणि भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली ते मानक म्हणून स्वीकारले होते. त्यात चित्राला नव्हे, वर्णाला अंक दिलेला होता. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातील देवनागरी विभाग इस्कीच्याच आधारे रचलेला आहे. म्हणजे मार्ग ठाऊक होता. परंतु पुस्तकाची पाने जुळविली जात ती पेजमेकरमध्ये, आणि पेजमेकरला टंकाच्या खासगी खुणाच समजत. शिवाय ग्राहक एकदा एका सूचनावलीत दहा वर्षांचे काम करून बसला की तो दुसऱ्या विक्रेत्याकडे जाणार नाही, ही सोय कोणत्याही विक्रेत्याला नकोशी वाटण्याचे कारण नव्हते. दुसरे कुलूप हेतुपुरस्सर लावलेले नव्हते, हे मान्य करावे लागेल. पण ते काढण्याची घाईही कोणाला नव्हती.

या दोन्ही कुलपांचा मिलाफ ठळकपणे दिसला तो २००० च्या दशकाच्या आरंभी, मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर. बातमी वाचण्याआधी त्या वृत्तपत्राचा टंक उतरवून घ्यावा लागे. त्यावर उपाय म्हणून 'डायनॅमिक फॉन्ट' आले. मायक्रोसॉफ्टच्या त्या वेळच्या पद्धतीत टंकाची फाइल विशिष्ट संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधून ठेवता येत असे, जेणेकरून इतर कोणी तो टंक उचलून वापरू नये. टंकाच्या मालकाचे संरक्षण उत्तम झाले. परंतु वाचकाने एखादा अग्रलेख आपल्या संगणकात उतरवून ठेवला, की पत्ता बदलल्यामुळे टंक चालेनासा होई आणि अग्रलेखाच्या जागी खुणांची रांग उरे. टंक चोरीला जाऊ नये म्हणून केलेल्या व्यवस्थेत लेख गेला. त्या वर्षांतील वृत्तपत्रीय लेखनाचा संदर्भ महाजालावरून देऊ पाहणाऱ्या संशोधकाने हा अनुभव अवश्य घ्यावा.

चाच्याने काय दिले

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. टंकांच्या बेकायदा प्रतींनी मराठीचे भले केले, हे विधान पूर्णतः खोटे नाही. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, शाळांच्या प्रश्नपत्रिका, झाडीपट्टीतील नाटकांची हस्तपत्रके आणि झाडीबोलीतील कवितासंग्रह संगणकावर जुळू लागले, ते परवाने विकत घेऊन नव्हे. एका सीडीत पाचशे टंक, सोबत पेजमेकर, आणि त्याखालची विंडोजसुद्धा त्याच सीडीवाल्याकडची, अशी ती संस्कृती होती. कृतिदेव तर परवान्याचा विचारही मनात न येता हातोहात पसरला. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या पुढाकाराने साकोली परिसरातून उभी राहिलेली झाडीबोलीची चळवळ घ्या. तिच्यासारख्या चळवळींतील लहान आवृत्त्यांची पुस्तके मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या परवानाधारक यंत्रणेची वाट पाहत बसली असती, तर त्यांतील किती छापली गेली असती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

परंतु या युक्तिवादाचे समर्थक येथेच थांबतात, आणि त्यांचा दोष येथूनच सुरू होतो. चाच्याने वाटला तो टंक. टंकामागची सूचनावली त्याने उलगडली नाही, तिचे कोष्टक जाहीर केले नाही, मजकूर एका टंकातून दुसऱ्यात नेण्याचे साधन दिले नाही. फुकट मिळालेल्या टंकाने जुळविलेला मजकूर, विकत घेतलेल्या टंकाच्या मजकुराइतकाच बंदिस्त राहिला. किंबहुना अधिक, कारण परवानाधारकाला निदान कंपनीकडे विचारणा करता येत होती आणि पुढील आवृत्तीत परिवर्तनाची सोय मिळण्याची आशा होती. सीडीवाल्याच्या ग्राहकाला विचारायला कोणी नव्हते. चाचेगिरीने पोहोच दिली, मुक्ती दिली नाही. आणि पोहोच इतकी दिली की ही जुनी संकेतने युनिकोड हाताशी आल्यावरही पंधरा-वीस वर्षे हलली नाहीत. फुकट आणि सवयीचे जे आहे, त्याच्याशी मोफत आणि योग्य असलेल्याला स्पर्धा करावी लागली.

ही स्पर्धा खरोखरच झाली, याची नोंद मात्र घेतली पाहिजे. सायबरस्केप या कंपनीने २००३ च्या सुमारास आपले काही आकृती टंक मुक्त परवान्याखाली खुले केले. २००५ पासून केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने भारतीय भाषांचे टंक व साधने असलेल्या मोफत सीडी भाषावार वाटण्यास प्रारंभ केला. त्याआधीच, विंडोज २००० सोबत, कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला 'मंगल' हा युनिकोड टंक आला होता. पुढे विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी सुरू करण्यासाठी मूळ सीडी पुन्हा मशीनमध्ये घालावी लागे. ज्यांची विंडोजच उसनी, त्यांच्याजवळ ती सीडी नसे, आणि मंगल मशीनमध्ये असूनही उपयोगात येत नसे. मराठी लिहिण्याचा खुला मार्ग एका बेकायदा प्रतीमुळे अडलेला असावा, यातला विरोधाभास चाचेगिरीच्या समर्थकांनी लक्षात घ्यावा असा आहे. आज परिस्थिती निराळी आहे. मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मुक्ता', आयआयटी मुंबईचा 'शोभिका', आणि ज्याच्या आधारे शोभिकेची देवनागरी अक्षरे घडली तो राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा', हे सारे टंक मुक्त परवान्याचे आहेत. ते चोरण्याची गरज नाही, आणि त्यांत लिहिलेला मजकूर टंक काढून घेतल्यावरही मराठीच राहतो.

कायदा कोणाकडे पाहतो

संगणकीय आज्ञावलीला आपल्या कायद्याने साहित्यकृती मानले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या आणि मे १९९५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ६३ ब हे कलम घातले : आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांचा कारावास आणि किमान पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी लाभासाठी वापर झालेला नसेल तर न्यायालयास कारावास माफ करता येतो. पन्नास हजार हा त्या काळी अनेक डीटीपी केंद्रांच्या एकूण यंत्रसामग्रीच्या किमतीएवढा आकडा होता. २०१२ च्या दुरुस्तीने ६५ अ हे कलम आले आणि कुलपालाच कायद्याचे संरक्षण मिळाले : हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने जो परिणामकारक तांत्रिक उपाय चुकवील, त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड.

या कलमातील 'हेतूने' हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या कायद्याने कुलूप चुकविणे हाच मुळात अपराध ठरविला आणि मग ठरावीक काळाने सवलती देण्याची व्यवस्था केली. आपल्या कायद्याने उल्लंघनाचा हेतू आवश्यक मानला, आणि कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कारणासाठी कुलूप चुकविण्यास मोकळीक ठेवली. त्याखेरीज कलम ५२ अन्वये, स्वतंत्रपणे तयार केलेल्या दुसऱ्या आज्ञावलीशी मेळ बसावा म्हणून आवश्यक ती माहिती मिळविण्याची कृती उल्लंघन ठरत नाही. म्हणजे स्वतःच्या प्रबंधाचा मजकूर जुन्या टंकाच्या तुरुंगातून बाहेर काढणारा लेखक, अथवा त्यासाठी परिवर्तक लिहिणारा अभियंता, या तरतुदींच्या सरळ वाचनानुसार अपराधी ठरू नये. आपल्या महाविद्यालयांत ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. छायाप्रतींच्या बाबतीतही असेच झाले. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दिल्ली विद्यापीठ व रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस यांच्याविरुद्ध २०१२ साली लावलेला दावा सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा सुनावणीकडे पाठविले, तरी अध्यापनासाठी संचाची प्रत काढण्यामागचे तत्त्व कायम ठेवले. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तरीही आपल्या ग्रंथालयांत झेरॉक्स यंत्राशेजारी एकतर सरसकट मनाईची पाटी असते किंवा सरसकट दुर्लक्ष.

तथापि कायद्याच्या या उदारतेलाही एक मर्यादा आहे, आणि प्रस्तुत लेखिकेस तीच मूलभूत वाटते. मजकूर सोडविण्यास कायदा अडवीत नाही. पण तो सोडवून देण्याचे बंधनही कोणावर घालीत नाही. ज्या विक्रेत्याने एखादी आज्ञावली विकणे थांबविले, त्याने तिच्या सूचनावलीचे कोष्टक जाहीर करावे असे कोठेही म्हटलेले नाही. कायद्याच्या दृष्टीसमोर दोनच व्यक्ती आहेत : आज्ञावलीचा मालक आणि तिची नक्कल करणारा. त्या आज्ञावलीत ज्याने आपले पुस्तक लिहिले, तो तिसरा मनुष्य या कलमांत जवळपास नाहीच. आणि वादाच्या दोन्ही पक्षांनीही त्याला कधी साक्षीला बोलावले नाही.

कुलपाविना संरक्षण संभवते की नाही, हा प्रश्न येथे कोणी विचारील. आंधळगावात बसून त्याचे उत्तर शोधताना मागावरच्या कोशाच्या वस्त्राकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. विदर्भातील करवतकाठी वस्त्रांना १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली संरक्षण मिळालेले आहे. तेथे संरक्षण आहे ते नावाला आणि परंपरेला. मागाला कुलूप नाही. काठावरचे करवतीचे दाते कसे विणावेत हे कोष्टी घरातील मुलगा मागाशेजारी बसून शिकतो, आणि ते ज्ञान कोणा एका मालकाच्या ताब्यात नसते. अर्थात ही तुलना फार ताणता येणार नाही. यंत्रमागावरची नक्कल बाजारात येतेच, आणि विणकराला संरक्षणाचा प्रत्यक्ष लाभ किती होतो हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तुलनेतून एवढेच दिसते की निर्मात्याचे नाव जपणे आणि वापरणाऱ्याचे हात बांधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी टंकांच्या बाबतीत मुक्त परवान्यांनी पुढे हेच केले. तेथे टंककाराचे नाव राहते, अक्षर मोकळे राहते.

आपली कपाटे

या विषयाशी अध्यापकवर्गाचा संबंध तात्त्विक नाही. पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सादर करण्याचे बंधन विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांत घातले आणि 'शोधगंगा' भरू लागली. तीत मराठीतील अनेक प्रबंध असे आहेत की डोळ्यांना ते मराठी दिसतात, पण त्यांतील एखादा शब्द शोधू गेल्यास सापडत नाही. कारण आत 'डी', 'ई', 'वाय' आहेत किंवा केवळ पानाचे छायाचित्र आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याने एनव्हीडीएसारख्या मोफत पडदावाचकाने असा प्रबंध उघडला तर त्याला इंग्रजी अक्षरांची बडबड ऐकू येते. दिव्यांग व्यक्तींसाठी सुगम प्रत तयार करण्याची मोकळीक २०१२ च्याच दुरुस्तीने दिलेली आहे, पण मजकूरच वाचता येत नसेल तर प्रत कशाची करावयाची? २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्य तपासणे सक्तीचे केले. तपासणारी आज्ञावली जुन्या टंकातील मराठी वाचू शकत नाही, त्यामुळे अशा प्रबंधातून उतारेच्या उतारे युनिकोडमध्ये टंकून घेणारा सहीसलामत सुटतो. टंकाच्या चोरीवर दोन दशके चर्चा करणाऱ्या आपल्या क्षेत्रात लेखनाच्या चोरीला या जुन्या टंकांनी आडोसा दिला, याची कोणी फारशी खंत केलेली आढळत नाही.

आणि तरीही अलीकडेपर्यंत अनेक महाविद्यालयीन नियतकालिकांच्या 'लेखकांसाठी सूचना' काय सांगत होत्या? लेख पेजमेकरमध्ये, अमुक टंकात, तमुक आकारात सीडीवर पाठवावा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. तिला युनिकोड कळत नाही. इनडिझाइनने २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत देवनागरीची जुळणी स्वीकारली, त्यालाही एक तप उलटून गेले. सूचना मात्र मागील अंकावरून पुढील अंकात उतरत राहिल्या. संपादक मंडळाने विक्रेत्यालाही दोष देऊ नये आणि चाच्यालाही. दुसऱ्या कुलपाची एक किल्ली या सूचनांच्या पानात होती.

प्रस्तुत लेखिकेची एम.फिल.ची प्रबंधिका २०१३ साली तालुक्याच्या गावातील एका डीटीपी केंद्रावर परवानाधारक टंकप्रणालीत जुळविलेली आहे. (एम.फिल. ही पदवीही २०२२ च्या विनियमांनी बंद झाली, हे ओघाने आठवते.) तिचे पुस्तक करावे म्हणून काही वर्षांनी सीडी उघडली तेव्हा पडद्यावर एकही मराठी शब्द नव्हता. महाजालावरील मोफत परिवर्तकांनी मजकूर बराचसा आणला, पण रफार भलत्या अक्षरावर बसले, जोडाक्षरे फुटली, आणि लोकगीतांतील बोलीभाषेचे शब्द, जे कोणत्याही शब्दकोशाशी पडताळून दुरुस्त करता येत नाहीत, ते सर्वाधिक बिघडले. प्रमाणभाषेतील चूक वाचणाऱ्याच्या ध्यानात येते. आजीने सांगितलेल्या ओवीतली चूक सांगणारी आजीच हवी, आणि ती आता नाही. अखेर त्या केंद्रावर गेल्यावर चालकाने टेबलाखालचे एक जुने मशीन ओढून काढले. नव्या संगणकांना ते रुंद पोर्ट नसते, म्हणून केवळ लॉक लावता यावे यासाठी त्यांनी ते सांभाळून ठेवले होते. त्यावर एक्सपी होती. मशीनला सुरू व्हायला पुष्कळ वेळ लागला.

"लॉक गेलं तं फाइल गेलीच समजा, मॅडम," ते म्हणाले. "आतापर्यंत लय जनाइच्या फाइली याच्यावरच काढून देल्या."

दोन दिवस त्या मशीनशेजारी बसून प्रबंधिकेची पाने पडद्यावर मोठी करून पाहिली आणि शेजारच्या लॅपटॉपवर ओव्या पुन्हा युनिकोडमध्ये टंकल्या. एकूण बासष्ट पाने होती. त्याच मशीनमध्ये परिसरातील इतर संशोधकांच्या, शाळांच्या स्मरणिकांच्या आणि कवींच्या फाइली अजून आहेत. त्यांची यादी करण्याचे काम चालकांच्या परवानगीने सध्या सुरू आहे.